दुसऱ्या वेळी मत मागताना

८ ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्रभरातल्या नगरपरिषदांमध्ये सदस्यपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली. दृश्य सगळीकडे साधारण सारखेच होते. टेबलावर पारदर्शक बरणी, तिच्यात सारख्या घडीच्या चिठ्ठ्या. शाळेतल्या एखाद्या मुलीला पुढे बोलावायचे, तिने चिठ्ठी काढायची, अधिकाऱ्याने ती उलगडून सभागृहाला दाखवायची आणि प्रभागाचा क्रमांक मोठ्याने वाचायचा. समोर बसलेले माजी नगरसेवक मांडीवरच्या यादीवर पेनाने खुणा करत असतात. ‘प्रभाग सात. अ, नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला. ब, सर्वसाधारण.’ एवढ्या एका ओळीने कुणाची कित्येक वर्षांची तयारी तिथेच थांबते, कुणाच्या घरात आजवर कधी सभेला न गेलेल्या सुनेच्या नावाची चर्चा सुरू होते, तर कुणी शेजारच्या प्रभागात आपली ओळखीची घरे किती याचा हिशेब मांडायला लागतो.

गावकारभारात पुन्हा निवडून येण्याची लढाई अशी मतदानाच्या आठ आठवडे आधीच निम्मी ठरून जाते. तीही मतदाराने ठरवायच्या आधी.

हे गंभीर आहे. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाला लोक वचनावर, ओळखीवर, पक्षाच्या चिन्हावर मत देतात. तोच माणूस दुसऱ्यांदा दारात येतो तेव्हा विचारायला काहीतरी असते: गटाराचे काय झाले, पाणी दिवसाआड का येते, बागेची जागा कुठे गेली? लोकप्रतिनिधीला जाब विचारण्याचे सामान्य माणसाच्या हातात जे काही साधन आहे, ते याच दुसऱ्या भेटीत आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत ही दुसरी भेट व्हावी तशी होत नाही, आणि याची कारणे उमेदवारांच्या स्वभावात जितकी आहेत त्याहून जास्त नियमांत आहेत.

आरक्षण बदलत राहते हा त्यातला पहिला नियम. १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. या जागा चक्राकार पद्धतीने फिरतात. आज महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग पुढच्या वेळी खुला होऊ शकतो, खुला असलेला राखीव. हेतू न्याय्य आहे, त्याबद्दल शंका नको. एकाच वस्तीने कायम राखीव राहावे किंवा एकाच वस्तीने कायम मोकळे राहावे हे बरोबर नाही. पण याची दुसरी बाजूही खरी आहे: चांगले काम केलेल्या पुरुष नगरसेवकाला जागा महिलांसाठी राखीव झाली की पुढच्या वेळी तिथे उभेच राहता येत नाही, आणि वाईट काम केलेल्याला हरवण्याची संधीही मतदाराला मिळत नाही.

राखीव जागेवरून आलेल्या स्त्रिया आरक्षण हटल्यावर घरी बसतात, असे सर्रास म्हटले जाते. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांवरून हे तपासून पाहिले. त्यांचा लेख २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जे प्रभाग १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता १९९७ मध्येही खुल्या असलेल्या प्रभागांच्या जवळपास पाचपट निघाली. काही जणी त्याच प्रभागातून पुन्हा उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. शिवाय बाई निवडून येऊ शकते हे एकदा दिसल्यावर पक्षही उमेदवारी द्यायला तयार झाले. दुसऱ्या वेळेचे महत्त्व यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? पहिली जागा कायद्याने दिली, दुसरी त्या बायकांनी मिळवली.

आरक्षण कुठे पडते हे ठरवणारी यंत्रणा किती स्वतंत्र आहे, यावर बरेच अवलंबून असते. गोव्यात २०२१ च्या नगरपालिका निवडणुकांच्या वेळी मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच ठिकाणच्या प्रभाग आरक्षणावर आक्षेप घेतले गेले. महिलांना एकतृतीयांश जागा मिळत नव्हत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वेळी राज्याचे विधी सचिवच राज्य निवडणूक आयुक्तांची जबाबदारी सांभाळत होते. मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सरकारी नोकरीत असलेल्या व्यक्तीकडे हे पद देता येणार नाही. छोट्या नगरपालिकांच्या वादातून आलेला हा निकाल सगळ्या देशाला लागू आहे.

दुसरा नियम प्रभागाच्या हद्दीचा. पुण्याचे उदाहरण घेतले तरी पुरे. तिथे २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एका सदस्याचे, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. २०२६ मध्येही बहुतेक प्रभाग चार सदस्यांचेच राहिले. एका पेठेत जन्म काढलेल्या माणसाचा नगरसेवक दर पाच वर्षांनी नव्या नकाशातून आला. बहुसदस्यीय प्रभागाचे समर्थक म्हणतात की मोठ्या प्रभागात गल्लीचे राजकारण कमी होते, शहराचा विचार होतो. प्रत्यक्षात रहिवाशाला मिळणारे उत्तर बहुधा वेगळेच असते: ‘ते काम माझ्याकडे नाही, ब गटातल्या साहेबांना विचारा.’ चौघांची जबाबदारी असली की जाब कुणा एकाला विचारता येत नाही. मुंबईत मात्र एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत टिकून आहे आणि तिथल्या माणसाला आपला नगरसेवक कोण हे एका नावात सांगता येते. नगरपरिषदांत बहुतेक प्रभाग दोन सदस्यांचे आहेत. त्यात २०२२ मध्ये नगराध्यक्षाची निवड पुन्हा थेट जनतेकडे आली, त्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेच्या बहुतेक मतदारांना एका वेळी तीन बटणे दाबावी लागली.

हद्दी आखताना आधार धरला तो २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. चौदा वर्षांत शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्या, हमरस्त्याला लागून वाढलेल्या वसाहती या आकड्यांत नाहीत. तिथे मतदार आहेत, पण प्रभाग ठरवताना त्यांची डोकी मोजलेली नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी नियमांत बसत नाही: खंड. घटनेने नगरपालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे स्पष्ट सांगितले आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसाठी याआधीचे मतदान २०१६ च्या अखेरीस सुरू झाले होते. त्यांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली. मुंबई महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न मार्च २०२१ पासून न्यायालयात अडकला होता. माहिती गोळा करणारा आयोग, आरक्षणाच्या तीन कसोट्या, बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागरचनेवरचे वाद असे करत चार वर्षे गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचे मतदान २ डिसेंबरला ठरले, काही ठिकाणचे २० डिसेंबरला गेले आणि सगळ्यांची मोजणी २१ डिसेंबरला झाली. महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले. दोन मतदानांत बऱ्याच गावांत नऊ वर्षांचे अंतर पडले. मागच्या वेळी चौथी-पाचवीत असलेली मुले या वेळी मतदार म्हणून रांगेत उभी होती.

मधल्या जवळपास चार वर्षांत गावाचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. अधिकारी कर्तबगार असतील, पण त्यांना पुढच्या वेळी कुणाच्या दारात मत मागायला जायचे नव्हते. रहिवासी मात्र जुन्या सवयीने माजी नगरसेवकालाच फोन करत राहिले. घंटागाडी आली नाही, दिवा बंद पडला, वारस नोंद अडली, दवाखान्यात बेड हवा. पद नाही, निधी नाही, सभागृहात प्रश्न विचारण्याचा हक्क नाही, तरी जे फोन उचलत राहिले आणि पालिकेत जाऊन खेटे घालत राहिले, त्यांना हा काळ कामी आला. पुन्हा उभे राहण्याचा खरा पाया या खंडाने उघडा करून दाखवला. तो पद नव्हे, संपर्क आहे.

नगरसेवकाच्या हातात असते तरी काय, हेही पाहायला हवे, कारण फ्लेक्सवर ‘आमच्या प्रयत्नांतून’ असे लिहिलेले काम नेमके कुणाचे हे मतदाराला बहुधा कळत नाही. गल्लीतल्या एका गटाराचा प्रवास पाहा. आधी रहिवाशांचा अर्ज. मग पालिकेचा अभियंता येऊन मोजमाप घेतो आणि अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग सर्वसाधारण सभेचा किंवा समितीचा ठराव, प्रशासकीय मान्यता, निधी कोणत्या योजनेतून याचा शोध, निविदा, सर्वांत कमी दराचा ठेकेदार, कार्यादेश, आणि मग कुठे खडी पडते. अंमलबजावणीचे अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे असतात. नगरसेवक अभियंत्याला हुकूम देऊ शकत नाही, ठेकेदाराचे बिलही स्वतः अडवू शकत नाही. त्याच्याकडे सभागृहातला आवाज, ठराव आणि पाठपुरावा एवढेच आहे. पैसाही बराचसा वरून येतो: वित्त आयोग, नगरोत्थान, दलितवस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, आमदार निधी. म्हणून त्याच रस्त्यावर आमदाराचा एक आणि नगरसेवकाचा एक असे दोन फलक लागतात आणि श्रेयाचा वाद सुरू होतो.

या साखळीला वेळ लागतो. एखादे काम एका माणसाने लावून धरून कार्यादेशापर्यंत आणायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. पहिल्या टर्ममध्ये नवख्याचा बराच वेळ कोणत्या टेबलावर फाइल थांबते, अजेंड्यावर विषय कसा येतो, इतिवृत्त कसे वाचायचे हे शिकण्यात जातो. शिकून तयार झालेला माणूस नेमका दुसऱ्या वेळी बाहेर राहिला की गावाचा तोटा होतो. उलट आचारसंहिता लागण्याआधीच्या पंधरवड्यात होणारी भूमिपूजनांची घाईही याच वेळापत्रकातून येते. आचारसंहितेत नवे काम सुरू करता येत नाही, म्हणून नारळ आधी फुटतो. मतदाराने पाहावे ते फक्त एवढेच: नारळामागे कार्यादेश आहे का.

दुसऱ्यांदा उभे राहणाऱ्याला कायदाही काही प्रश्न विचारतो आणि ते रहिवाशांच्या हिताचे आहेत. पालिकेचा कर थकलेला नसावा. म्हणून अर्ज भरायच्या दिवसांत थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी वसुली विभागात रांग लागते. स्वतः, जोडीदाराने किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या कुणी बेकायदा बांधकाम केलेले असेल तर सदस्यपद जाऊ शकते. जाती-जमाती किंवा मागास प्रवर्गासाठी राखीव जागेवरून आल्यास जातपडताळणी प्रमाणपत्र मुदतीत द्यावे लागते. दोनपेक्षा जास्त अपत्ये नसावीत अशी अटही आहे. खर्चालाही मर्यादा आहे. २०२५ मध्ये अ वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदासाठी ती ५ लाख रुपये होती आणि क वर्गात अडीच लाख. आपल्या उमेदवाराचे शपथपत्र वाचणारे रहिवासी थोडे असतात. मागच्या वेळचे आणि या वेळचे शपथपत्र शेजारी ठेवले तर मालमत्तेतला फरक कोणालाही दिसतो. दुसऱ्या वेळी उभ्या राहणाऱ्यालाच ही तुलना लागू होते आणि ती अवश्य करायला हवी.

प्रचाराचे खरे काम मतदार यादीवर होते. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. २०२५ मध्ये १ जुलैची यादी धरली होती. फोडताना एक अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाते, नवरा एका यादीत आणि बायको दुसऱ्या यादीत दिसते, काही नावे दोनदा येतात. या वेळी अशा दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. जाणता कार्यकर्ता प्रारूप यादी येताच एकेक पान घेऊन दारोदार फिरतो: हा भाडेकरू गेला, ही मुलगी लग्न होऊन नाशिकला, आजोबा मयत, इथे नवे कुटुंब आले. मग हरकती दाखल होतात. घरात कोण राहते हे माहीत असलेला माणूस आणि ‘या घरात चार मते’ एवढेच माहीत असलेला माणूस, यांतला फरक पहिल्या पाच मिनिटांत घरच्यांना कळतो. आदल्या रात्री वाटलेल्या पाकिटाने तो भरून निघतो असे मानणारे पुष्कळ आहेत. पण ज्या घरात पाच वर्षे कुणी फिरकले नाही, तिथे पाकीट घेऊनही मत दुसरीकडे जाते, हे प्रत्येक गावातल्या जुन्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

सगळ्यांत मोठी उणीव मात्र निवडणुकीच्या दिवसांत नाही, मधल्या पाच वर्षांत आहे. खेड्यात ग्रामसभा असते. घटनेने तिला जागा दिली आहे आणि महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सरपंचाला समोर बसून उत्तर द्यावे लागते. गणपूर्ती होत नाही, भांडणे होतात, हे सगळे खरे. तरी कुणीही उठून ‘त्या पाइपलाइनचे बिल किती झाले?’ असे विचारू शकतो. आता २०१४ नंतर काय झाले पाहा. राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचे ठरवले. एका अधिसूचनेने तिथला गावकरी नागरिक झाला आणि त्याच दिवशी त्याची ग्रामसभा गेली. सतरा नगरसेवक आले, मुख्याधिकारी आला, कर वाढला. पण समोरासमोर प्रश्न विचारायची जागा राहिली नाही. पालिकेच्या सभेत श्रोता म्हणून बसता येते, बोलता येत नाही. वॉर्ड समितीची घटनात्मक सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. लहान गावांना तीही नाही.

मोठ्या शहरांत सोय आहे, पण ती कागदावर. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली. काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा, अध्यक्षस्थानी नगरसेवक. कायदा होऊन दीड दशक उलटले, आणि पुण्या-मुंबईत आयुष्य गेलेल्या बहुसंख्य लोकांनी एकही क्षेत्रसभा पाहिलेली नाही. हे निखालस चूक आहे. दुसऱ्यांदा मत मागायला येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: किती क्षेत्रसभा घेतल्या?

जिथे लोकांना थोडी जागा मिळाली तिथे ती त्यांनी वापरली आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करणे, गल्ली साफ ठेवणे हे स्वतः हाती घेतले आणि महापालिकेने त्यावरून परिसर व्यवस्थापनाची योजना शहरभर नेली. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. पाच लाखांपर्यंतचे काम, एका अर्जावर: बसथांब्याला छप्पर, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बाक. नगरसेवकांचेच कार्यकर्ते अर्ज भरतात, मंजूर काम पुढे होते की नाही ते कळत नाही, अशी टीका त्यावर होत आली आहे आणि तीत तथ्य आहे. पण टीका करायलाही आधी अर्ज, यादी आणि आकडा समोर असावा लागतो, आणि तो पुण्याच्या माणसाला मिळाला.

मृणाल गोरे यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. गोरेगाव ग्रामपंचायतीपासून त्यांनी सुरुवात केली, १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. पाण्यासाठी बायकांना घेऊन केलेल्या लढ्यांमुळे लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांची ताकद सभागृहातल्या भाषणाइतकीच नळावर उभ्या असलेल्या बायकांत होती. प्रश्न त्या बायकांचा होता आणि मोर्चाही त्यांचाच. निवडणूक आली की लोकांकडे जायचे असा वेगळा हंगाम मृणालताईंना लागला नाही.

आज काही नगरसेवक वर्षाअखेर कार्यअहवाल काढतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर नेत्यांची छायाचित्रे, आत कामांची यादी. असा अहवाल उपयोगी पडावा तर त्यात तीन गोष्टी हव्यात: कामाची रक्कम, कोणत्या योजनेतून, आणि अर्धवट राहिलेली कामे. तिसरी जवळजवळ कुठेच नसते. ज्याने ‘हे जमले नाही, फाइल अमुक ठिकाणी अडली आहे’ असे छापून दारोदार दिले, त्याच्याशी लोक बोलायला लागतात. राग आलेला माणूसही निदान पाठपुरावा कुठे करायचा ते विचारतो.

डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत आता चालू आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे हाती आले की पुढच्या निवडणुकीचे प्रभाग त्यावरून आखले जातील आणि सोळा वर्षांत वाढलेल्या वस्त्या पहिल्यांदाच मोजणीत येतील. सदस्यसंख्या बदलेल, हद्दी सरकतील, आरक्षणाचे चक्र पुढे जाईल. आज सभागृहात बसलेल्या फार थोड्या जणांना आपला प्रभाग आहे तसा परत मिळेल. प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी थोडेच दिवस मिळतात आणि त्या नागरिकालाही देता येतात. आपली गल्ली कोणत्या प्रभागात जाते हे त्या दिवसांत नकाशावर पाहणे, गरज असेल तर लेखी हरकत देऊन सुनावणीला जाणे, हे काम सोसायट्या, महिला मंडळे आणि गल्लीतल्या तरुणांनी आतापासून ठरवून ठेवायचे आहे. तोवर आपल्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभेची तारीख मागायला आजही कोणाची परवानगी लागत नाही.